सिनेमातून धंदा शिकायचाय? मग सिनेमा दुसऱ्यांदा बघा

सिनेमातून बिझनेसचे धडे असं काही वाचायला घेतलं की बहुतेक वेळा तेच ते असतं, हार मानू नका, स्वप्नं मोठी बघा, टीमवर विश्वास ठेवा, आणि ते वाचून उद्या सकाळी कामावर गेल्यावर नेमकं काय करायचं हे काही कळत नाही. शिवाय त्यात एक गोची आहे, हार मानणाऱ्या माणसावर कुणी सिनेमा काढतच नाही, त्यामुळे कुठलाही सिनेमा लावा, त्यात चिकाटी जिंकलेलीच दिसणार. क्लायमॅक्स आणि भाषणं यातून धंदेवाल्याला फारसं काही मिळत नाही. खरा माल असतो मधल्या त्या सीनमध्ये जिथे आपण पाणी प्यायला उठतो, म्हणजे हिरो कुणाकडे तरी पैसे मागतोय, कागदावर सही करतोय, नाहीतर गिऱ्हाईक त्याला तोंडावर नाही म्हणतंय.

तर करायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा काहीही शिकायला जाऊ नका, मजेत बघा, रडायचं तिथे रडा. दोनचार दिवसांनी तोच सिनेमा परत लावा, यावेळी हातात कागद पेन आणि बोट पॉजवर. चार गोष्टी शोधायच्या. पैसा कुठून आला, कुणी दिला आणि कशाच्या भरवशावर दिला. कागदावर काय होतं आणि तोंडी काय ठरलं होतं. वस्तू बनवायच्या आधी गिऱ्हाइकाला कुणी विचारलं का. आणि चौथं, जे माझं सगळ्यात आवडतं, गाणं कुठे लागलं. ते तीन मिनिटांचं गाणं असतं बघा, ज्यात हिरो शून्यातून उभा राहतो, फोन वाजतायत, खोकी भरली जातायत, सगळे हसतायत, त्या तीन मिनिटांत डायरेक्टरने धंद्याची दोन वर्षं कापून टाकलेली असतात. तिथे थांबा आणि लिहा की या मधल्या काळात घर कशावर चाललं असेल, उधारी कोण वसूल करत होतं, पहिलं गिऱ्हाईक परत का आलं असेल. उत्तर सिनेमात नसतं, तुम्हालाच भरावं लागतं, आणि भरताना आपोआप आपल्याच धंद्याचे आकडे डोक्यात यायला लागतात.

सुरुवात 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'पासून करा. परेश मोकाशींचा २००९ चा सिनेमा, दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा बनवला त्याची गोष्ट. हा इतका हसत खेळत जातो की आपण एका नवीन धंद्याची अख्खी केस बघतोय हे लक्षातच येत नाही. पैशाचा प्रश्न लावून बघा. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि बाकीचं सामान आणलं, पण सिनेमा पूर्ण करायला लागेल एवढा पैसा नव्हताच. मग पैसेवाल्याला पटवायला त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं शूट केलं आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसतं अशी छोटीशी फिल्म दाखवली. आता इथे पॉज करा, कारण हे फार हुशारीचं आहे. समोरच्याला हरिश्चंद्राच्या गोष्टीबद्दल शंका नव्हती, ती तर सगळ्यांना पाठ, शंका एवढीच होती की हलतं चित्र हा माणूस खरंच काढू शकतो का. फाळक्यांनी तेवढीच शंका घेतली आणि जमेल तेवढ्या स्वस्तात ती मोडली. तुम्ही लोन मागायला जाताना किंवा मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाताना आधी एका ओळीत लिहा की समोरच्याला नेमकी कशाची शंका आहे, आणि फक्त तेवढं दाखवणारी सगळ्यात छोटी गोष्ट घेऊन जा, तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन नको.

त्याच सिनेमात माणसं मिळत नव्हती तो भाग पण बघा. बायकांच्या कामाला बाई मिळेना, शेवटी तारामतीचं काम हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे नावाच्या पुरुषाने केलं. आणि सिनेमात काम करणं हे लाजिरवाणं मानलं जायचं म्हणून फाळके लोकांना सांगतात की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा. लोक यावर हसतात आणि पुढे जातात. पण लहान धंद्यात माणूस टिकत नाही तेव्हा आपण पगाराचाच विचार करतो, तो घरी आणि नातेवाइकांत आपलं काम काय म्हणून सांगतो हा विचार कोण करतं? कामाला बरं नाव देणं, एक ओळखपत्र देणं, याला जवळजवळ काहीच खर्च नाही.

आणि सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांची बायको. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या युनिटच्या जेवणापर्यंत त्यांचे हात होते. लहान धंद्यात घरचं माणूस असंच राबतं आणि हिशेबात ते कुठेच दिसत नाही, मग आपल्याला वाटतं धंदा नफ्यात आहे. सिनेमा बघून झाला की एक काम करा, घरच्यांचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर महिन्याला किती द्यावे लागले असते तो आकडा खर्चात टाका आणि मग नफा परत काढा. काही लोकांना हा आकडा बघून झोप येणार नाही, पण दर ठरवताना तोच उपयोगी पडतो. अजून एक, फाळक्यांच्या जाहिरातीत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र असं लिहिलेलं होतं. ज्यांनी सिनेमा कधी बघितलाच नाही त्यांना सिनेमा म्हणजे काय हे कसं सांगणार, तर फोटो माहितीय, मैल माहितीय, त्या भाषेत सांगा. तुमच्या माहितीपत्रकात असा शब्द शोधा जो फक्त तुमच्या लाइनमधल्या लोकांना कळतो आणि तो काढा.

दुसरा 'किंकी बूट्स', २००५ चा इंग्लिश सिनेमा. चार्लीला वडिलांकडून बुटांची फॅक्टरी मिळते, साधे टिकाऊ पुरुषी बूट, आणि ऑर्डरी आटत चाललेल्या. मग त्याला लोला भेटते, म्हणजे बायकांच्या वेशात स्टेजवर गाणारा पुरुष कलाकार, आणि कळतं की अशा कलाकारांना बायकांच्या मापाचे नाजूक हीलवाले बूट घालावे लागतात आणि ते पुरुषाच्या वजनाने मोडतात. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे बघत नाहीत असे थोडे पण अडलेले गिऱ्हाईक, हा धडा सगळेच सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण माझ्या मते खरा सीन पहिल्या सँपलचा आहे. चार्ली मोठ्या अभिमानाने पहिला जोड बनवून दाखवतो, गडद तपकिरीसारखा लाल रंग, हील जाड, एकदम आरामदायक, आणि लोलाला तो अजिबात आवडत नाही कारण तिला भडक लाल आणि टोकदार हील हवी असते. तो गिऱ्हाइकाला भेटला होता, अडचण त्याने स्वतः ऐकली होती, तरी त्याने बनवलं ते स्वतःच्या आवडीचं. मोडतात हे ऐकलं आणि आराम हवाय असं स्वतःच ठरवून टाकलं. गिऱ्हाइकाची तक्रार आणि गिऱ्हाइकाची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळं विचारायचं. काय त्रास होतो ते विचारा आणि मग, काय काहीही झालं तरी बदलायला नको ते पण विचारा. दुसरा प्रश्न आपण कधी विचारतच नाही.

'द परस्यूट ऑफ हॅपीनेस', २००६, विल स्मिथचा. यावर जगभर प्रेरणादायी क्लिपा फिरतात, बाप लेक, स्टेशनवरचा संडास, नोकरी मिळते तो शेवट. मी म्हणतो ते सगळं सोडा आणि पहिली दहा मिनिटं बघा. क्रिस गार्डनरने, म्हणजे विल स्मिथच्या पात्राने, घरची सगळी शिल्लक हाडांच्या स्कॅनरमध्ये घातलेली असते, आणि सिनेमातच सांगतात की एक्स-रे पेक्षा जरा बरं चित्र निघतं पण किंमत दुप्पट. डॉक्टरांना गरजच वाटत नाही. म्हणजे त्या घरात पुढे जे जे होतं त्याचं मूळ एकाच निर्णयात आहे, विकायच्या आधी सगळा स्टॉक एकदम उचलला. लोकांना वाटतं ही चिकाटीची गोष्ट आहे, आहेच ती, पण धंदेवाल्यासाठी ती अडकलेल्या मालाची गोष्ट आहे. तुमच्या गोडाऊनमध्ये किंवा कपाटात सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस हललेला नाही असा माल किती रुपयांचा, तो आकडा आजच्या आज काढा. आणि पुढचा माल घेताना सप्लायर जास्त घेतलं तर सूट देतो म्हणाला की आधी थोडाच घ्या, विकून बघा, सूट गेली तर गेली. त्याच सिनेमात तो दोन कॉलच्या मध्ये रिसीव्हर खाली ठेवत नाही, वेळ वाचवायला, ही छोटी युक्ती मात्र घेण्यासारखी आहे, म्हणजे दिवसात कुठले सेकंद फुकट जातात ते मोजायची सवय.

आता 'द फाउंडर', २०१६. मॅकडोनाल्ड बंधूंचं हॉटेल रे क्रॉकने कसं मोठं केलं आणि कसं घेतलं. हा दोनदा नाही तीनदा बघा, एकदा क्रॉकच्या बाजूने आणि एकदा भावांच्या बाजूने. भावांच्या बाजूने सगळ्यात भारी सीन टेनिस कोर्टचा, जिथे ते जमिनीवर खडूने किचनचा नकाशा काढतात, पोरांना खोटं खोटं काम करायला लावतात, कोण कुणाला आपटतं ते बघतात, पुसतात, परत काढतात. पैसा जवळजवळ शून्य आणि शिकायला मिळालं प्रचंड. तुमच्याकडे पॅकिंग असो, सलून असो, वर्कशॉप असो, हे एका रविवारी करता येतं, जमिनीवर टेप लावा, एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून बघा, पावलं मोजा.

पण मग कागद. भावांनी करारात लिहून घेतलं होतं की त्यांच्या परवानगीशिवाय काही बदलायचं नाही, त्यांना वाटलं झालं, आपण सुरक्षित. क्रॉक कर्जात, घर गहाण, आणि मग त्याला हॅरी सॉनबॉर्न नावाचा पैशाच्या व्यवहारातला माणूस भेटतो आणि हिशेब बघून सांगतो की पैसा जमिनीत आहे. क्रॉक वेगळी कंपनी काढतो, जागा घेतो, फ्रँचायझीवाल्यांना, म्हणजे तेच नाव घेऊन हॉटेल चालवणाऱ्यांना, भाड्याने देतो. करार न मोडता करार निरुपयोगी झाला, कारण करारात किचन होतं, जागा नव्हती. १९६१ मध्ये भावांनी २७ लाख डॉलरला सगळं विकलं, स्वतःचं आडनाव पण गेलं, आणि पुढचा टक्का फक्त हात मिळवून ठरला होता असं सिनेमात दाखवलंय, जो त्यांना कधी मिळाला नाही. आता पॉज करून स्वतःला विचारा, माझ्या धंद्यात अशी कुठली गोष्ट आहे जी दुसऱ्याच्या नावावर आहे आणि जिच्याशिवाय उद्या माझं काम बंद पडेल? जागा असेल, वेबसाइटचं नाव असेल, धंद्याच्या व्हॉट्सॲपचा नंबर कुणा नोकराच्या नावावर असेल, ब्रँडचं नाव रजिस्टर केलेलंच नसेल. यादी करा आणि एकेक आपल्या नावावर आणा. तोंडी ठरलेलं असेल ते निदान त्याच दिवशी मेसेज करून ठेवा, की आज आपलं असं असं ठरलं, समोरचा हो म्हणाला की निदान पुरावा तरी राहतो, आणि रक्कम मोठी असेल तर सरळ वकील.

'यू हॅव गॉट मेल' १९९८ चा, लोक प्रेमकथा म्हणून बघतात. पण त्यात मेग रायनचं लहान मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे आणि बाजूला मोठी पुस्तकांची चेन येते. ती काय करते, निदर्शनं करते, बातम्या छापून येतात, टीव्हीवर येते, लोक येऊन सांगतात आम्ही तुमच्या बाजूने, आणि विक्री वाढत नाही. दुकान बंद होतं. लोकांची सहानुभूती आणि लोकांची खरेदी यात एवढं अंतर असतं, लाइक मोजणाऱ्या प्रत्येकाने हा सिनेमा बघावा. आणि त्यातच एक सीन आहे, दुकान गेल्यावर ती त्या मोठ्या दुकानात बसलेली असते, कुणीतरी एक पुस्तक मागतं, तिथल्या पोराला काही माहीत नसतं, आणि ही डोळ्यात पाणी असताना लेखिकेचं नाव, स्पेलिंग, कुठलं आधी वाचा सगळं सांगते. तिच्याकडे विकण्यासारखी गोष्ट हीच होती, ही माहिती, आणि ती तिने आयुष्यभर पुस्तकाच्या किमतीत फुकट दिली. मोठा स्पर्धक आला असेल तर स्वतःला विचारा, त्याच्या काउंटरवरच्या पोराला कुठल्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही, आणि त्या उत्तराचे पैसे मी घेतो का?

हिंदीत 'रॉकेट सिंग' आहे, २००९ चा, रणबीर कपूरचा, तिकीटबारीवर फार चालला नाही पण सेल्सवर हिंदीत याच्याइतका बरा सिनेमा मला तरी माहीत नाही. हिरो नोकरीत असतानाच चोरून स्वतःची कंपनी काढतो, विकल्यावर फोन उचलणे, एवढाच त्या कंपनीचा फॉर्म्युला, आणि ऑफिसमधल्या ज्या लोकांना कुणी विचारत नव्हतं, रिसेप्शनिस्ट, चहावाला, रिपेअरवाला, ते पार्टनर. नोकरीच्या वेळात मालकाच्या फोनवर स्वतःचा धंदा चालवणं मात्र शिकू नका, सिनेमात तो सगळं लिहून ठेवतो परत द्यायला, पण खऱ्या आयुष्यात पोलिस ते वहीतलं वाचत बसत नाहीत.

'लगान'मधून टीमवर्क शिका म्हणतात, ते ठीक, पण बघायचं ते हे की भुवन कुणाला नवीन काही शिकवत बसत नाही. गोफण फिरवणारा गोली तसाच हात फिरवून बॉलिंग टाकतो, कोंबड्या पकडणारा भुरा फिल्डिंगला. जे येतंय तेच लावलं. आणि कचरा, ज्याचा बॉल वळतो म्हणून घेतलं, त्याचा मॅचमध्ये आधी वळतच नाही, कारण बॉल नवीन असतो, जुना झाल्यावर वळतो. नवीन माणूस पहिल्या महिन्यात चालला नाही की आपण काढून टाकतो, माणूस चुकीचा होता की त्याला दिलेलं काम त्या वेळी चुकीचं होतं, हे वेगळं करून बघायला शिका.

सत्यकथेवर आधारित म्हटलं की जास्त सावध. 'मनीबॉल' घ्या, २०११ चा, ब्रॅड पिट. गरीब बेसबॉल टीम, बाकीचे ज्यांना हात लावत नाहीत असे स्वस्तातले खेळाडू आकडे बघून घेतले आणि २००२ मध्ये सलग २० मॅच जिंकल्या. मस्त सिनेमा, आकडे बघायला लावतो, आणि बाजाराने चुकीची किंमत लावलेली गोष्ट शोधा हा धडा सोन्यासारखा आहे. पण सिनेमा हे जवळजवळ सांगतच नाही की त्या टीममध्ये हडसन, मल्डर आणि झिटो असे तीन जबरदस्त पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, आधीपासून होते, त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार झिटोला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मिगेल तेहादाला, तो पण याच टीमचा. म्हणजे स्वस्त माणसांची युक्ती चालली ती भक्कम पायावर चालली. हे सिनेमाबाहेर दहा मिनिटं वाचलं तर कळतं, आणि नाही वाचलं तर कुणीतरी आपले चांगले कारागीर सोडून स्वस्त पोरं भरेल आणि म्हणेल सिनेमात तर चाललं होतं. म्हणून दुसऱ्यांदा बघितल्यावर खरी गोष्ट वाचायचीच, आणि एकच प्रश्न, सिनेमाने काय गाळलं.

'वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'च्या क्लिपा विक्रीचं ट्रेनिंग म्हणून दाखवणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलत नाही, ज्याच्यावर तो सिनेमा आहे तो फसवणुकीसाठी जेलमध्ये जाऊन आलाय.

बघून झाल्यावर कागदाचं काय? दहा मुद्दे निघाले असतील, नऊ खोडा. एकच ठेवा आणि तो असा लिहा की कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत. गिऱ्हाइकाला महत्त्व द्यायचं हे चालणार नाही, गेल्या महिन्यात ज्यांनी माल घेतला त्यातल्या पाच जणांना शुक्रवारपर्यंत मी स्वतः फोन करणार आणि दोन प्रश्न विचारणार, असं लिहा. महिन्याभराने बघा काही हललं का, नाही हललं तर सोडून द्या, सिनेमाशी निष्ठा ठेवायची गरज नाही. जमलं तर एखाद वेळी कामावरच्या लोकांसोबत बघा, पण तुम्ही भाषण देऊ नका, पॉज करा आणि विचारा आपल्याकडे असं कुठे होतं, फोन उचलणारी किंवा डिलिव्हरी करणारा जे सांगेल ते तुम्हाला कुठल्याच सिनेमात मिळणार नाही.

धंदा पार्टनरशिपमध्ये असेल तर पहिला सिनेमा 'बँड बाजा बारात' लावा, २०१० चा, आणि पार्टनरसोबतच बघा. ते दोघं वेगळे होतात आणि दोघांच्या डोक्यावर कर्ज चढतं, तिथे थांबवा आणि विचारा, उद्या आपलं बिनसलं तर गिऱ्हाईक कुणाचे, नाव कुणाचं, उधारी कोण फेडणार. तीन उत्तरं दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायची, एकमेकांना न दाखवता, आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जुळली नाहीत तर सिनेमा तिथेच बंद, उरलेला नंतर बघा, आधी पार्टनरशिप डीड, म्हणजे भागीदारीचा लेखी करार, काढून वाचा, आणि डीडच नसेल तर या आठवड्यात करून घ्या.